हॅमर कोणाचा?

बल्लारपुरात कूलरची मोटर जळाली की इलेक्ट्रिशियनला बोलावतात, नळ गळायला लागला की प्लंबरला, आणि संगणकाच्या पडद्यावर पिवळा त्रिकोण उगवला की मला. पहिल्या दोघांना पैसे मिळतात. मला चहा मिळतो, आणि चहासोबत एक वाक्य: "सर, हे तुम्हीच टाकून देलं होतं ना?"

हे म्हणजे लिनक्स, त्यातलं डेबियन नावाचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे फुकटचे अपडेट थांबले आणि आमच्या आळीतले धडधाकट संगणक एका रात्रीत म्हातारे ठरले. विंडोज 11 ला अंगात टीपीएम 2.0 नावाची चिप लागते. आमच्याकडची यंत्रं उघडली तर आत धूळ निघाली, मुंग्या निघाल्या, एका ठिकाणी पालीची अंडी निघाली. चिप निघाली नाही. तेव्हा ज्या वयात माणसाने हरिपाठ हाती घ्यावा त्या वयात मी पेनड्राइव्ह हाती घेतला आणि दारोदार फिरलो. "डेबियन टाकून देतो. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, अपडेट जन्मभर." यातलं 'जन्मभर' प्रचाराच्या ओघात आलं. गणिताच्या मास्तरला फळ्यासमोर कोणी उलट विचारत नाही, त्यामुळे जिभेला लगाम राहत नाही.

लोकांनी टाकून घेतलं. लिनक्स आवडलं म्हणून नव्हे. मास्तर स्वतःहून घरी येतो, पैसे मागत नाही, वर सीपीयूतली धूळही पुसून देतो, तर पुसू द्यावी बापडा, एवढाच त्यामागे विचार होता.

त्यातले माझे पहिले गिऱ्हाईक डेपोवाले काकाजी. हे बल्लारशाहच्या लाकूड डेपोतून रिटायर झालेले. (गावाचं नाव बल्लारपूर, स्टेशनचं बल्लारशाह, आणि तिकिटावर रेल्वेचं कोड बीपीक्यू. तीन ठिकाणी तीन ओळखी, पण आजवर एकही गाडी चुकून दुसरीकडे गेली नाही. हे संगणकाला कधी जमणार नाही.) त्यांचा संगणक देवघराशेजारी आहे. मॉनिटरवर काकूंनी विणलेला क्रोशाचा रुमाल, रुमालावर प्लास्टिकचा मोर, आणि मोराखाली खळीने चिकटवलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर पासवर्ड, सुवाच्य अक्षरात, खाली दोन रेघा ओढून. "विसरून जाते ना," काकाजी म्हणाले. सॉफ्टवेअरवर चार हजार शहाण्णव बिटांच्या किल्लीने सही कशी असते, ती फोडायला जगातल्या सगळ्या संगणकांना किती युगं लागतील, हे मी त्यांना समजावत होतो, तेव्हा माझं नाक त्या चिठ्ठीपासून वीतभर अंतरावर होतं.

"सरकारमान्य आहे का पण?" त्यांनी टाकायच्या आधीच विचारून घेतलं होतं. आपल्या सी-डॅकने बॉस नावाचं जे लिनक्स काढलं तेही डेबियनवरच उभं आहे, असं सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. "मग जमते."

तर एके दिवशी अपडेट अडला. पडद्यावर आलं: सही अवैध, 'एक्सपीकीसिग', पुढे सोळा अक्षरा-आकड्यांची माळ, आणि शेवटी एका ब्राउझरवाल्याचा पत्ता. किल्लीची मुदत संपली होती.

असा संदेश आला की आपल्याकडे तो कोणी वाचत नाही, सल्ला देतात. शेजारचे मिलवाले भाऊ लुंगीवर आले, लांबूनच म्हणाले, "बंद करून चालू करा." पेपर मिलमध्ये इतकी वर्षं काढलेला माणूस, त्यांच्या मशिनी अशाच चालत असाव्यात. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला फोन लावला. त्याने समोरच्या गिऱ्हाईकाच्या फोनला काच चिकटवता चिकटवता निदान केलं, "फॉरमॅट मारून टाका." काय झालंय ते त्याला अजून सांगितलंही नव्हतं. मग चंद्रपूरच्या माझ्या भाच्याला विचारलं. तो इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "मामा, त्या ओळीत ट्रस्टेड इज इक्वल टू येस लिहून टाका. मग काहीच विचारत नाही."

"काहीच?"

"काहीच. कोणाचंही पॅकेज घेते."

त्याचा विषय सायबर सिक्युरिटी आहे.

मी काकाजींना हे सगळं कसं समजवावं या विवंचनेत होतो. खाजगी किल्ली, सार्वजनिक किल्ली, सही, पडताळणी. वर्गात मुलांना लॉगॅरिथम शिकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असतो तो समोर दिसू लागला होता. पण मी "सॉफ्टवेअर बनवणारा आपल्या मालावर खूण करतो" एवढं म्हटलं आणि काकाजी ताठ झाले.

"हॅमर!"

"काय?"

"हॅमर म्हना ना सर! ओंडक्याच्या तोंडावर मारतात तो. नाक्यावर गार्ड काय लाकूड पाहते का? तो शिक्का पाहते. हॅमर कोनाचा, हे पाहते."

आणि पुढचं व्याख्यान मला ऐकावं लागलं. जंगलातून ओंडका निघाला की त्याच्या कापल्या तोंडावर हातोडीचा शिक्का बसतो. सोबत टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवाना. त्यावर नग किती, जाणार कुठून, पोहोचणार कधीपर्यंत, सगळं. शिक्क्याची नक्कल केली तर 1927 च्या वन कायद्यात कलम 63 आहे, दोन वर्षांपर्यंत आत. 2023 च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथूनच सागवान गेलं, मिरवणूक निघाली, ओंडक्यांची पूजा झाली. "देवाच्या घरी चाललं म्हणून काय कागदाबिगर गेलं असन?" काकाजी म्हणाले. "अन् टीपीची तारीख उलटली, की लाकूड तेच, ट्रक तोच, ड्रायव्हर तोच. पन नाक्यावर उभा!"

मी खडू खाली ठेवला. खडू हातात नव्हता, पण ठेवला.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच संगणक शिकलेल्या माणसांपेक्षा काकाजींना हा विषय आधी कळला, हे मी इथे नमूद करतो. त्यांच्या शंकाही नेमक्या होत्या. "ही मुदत ठरवते कोन?"

"ज्याची किल्ली, तोच. बनवतानाच तारीख घालून ठेवतो."

"स्वतःच स्वतःचं रिटायरमेंट लिहून ठेवते?" काकाजींनी आदराने पडद्याकडे पाहिलं. "सज्जन मानूस दिसते."

किल्ली चोरीला गेली, किंवा किल्लीवालाच गेला, तर ती जन्मभर चालत राहू नये म्हणून ही सोय. डेबियनच्या स्वतःच्या किल्ल्यांना साधारण आठ वर्षं देतात. मालक जागा असेल तर मुदत संपायच्या आत तीच किल्ली पुढच्या तारखेने वाढवतो आणि तशी जाहीर करतो. आमच्या बाबतीत त्या ब्राउझरवाल्याने हे सगळं वेळेत केलं होतं. फक्त काकाजींच्या घरी कोणी कळवलं नव्हतं. "म्हनजे नागपूरहून सर्क्युलर निघालं, पन नाक्यावर पोचलं नाही," काकाजी म्हणाले आणि इतके हसले की मोर हलला. त्यांच्या नोकरीतलं काहीतरी त्यांना आठवलं असावं; त्यांनी सांगितलं नाही.

आता वाढवलेल्या तारखेची किल्ली आणायची. माझी बोटं की-बोर्डवर गेली आणि काकाजींनी हात आडवा घातला.

"आनता कुठून?"

"त्यांच्याच साइटवरून."

"म्हनजे ज्याच्यावर शक आहे, त्यालेच विचारायचं का बाबा तू खरा का?"

हा प्रश्न जगातल्या थोर थोर सुरक्षातज्ज्ञांना अडचणीत टाकतो, आणि तो बल्लारपुरात पोहे खाता खाता विचारला गेला. माझ्याकडे उत्तर होतं, ते असं की किल्लीला एक ठसा असतो, चाळीस अक्षरांचा. तो दुसऱ्या कोणाकडून, दुसऱ्या वाटेने मागवायचा आणि जुळवून पाहायचा. भाच्याला पुन्हा फोन लावला. तो म्हणाला, "मामा, असं कोणीच करत नाही."

"तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?"

"पुस्तकात करायला सांगितलंय."

मग त्याने त्याच्या संगणकावरून ठसा वाचायचा, मी मोठ्याने म्हणायचा, काकाजींनी पडद्यावर बोट फिरवत जुळवायचा, असं ठरलं. या ठशात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. बी, डी आणि ई ही तीन अक्षरं फोनवर एकाच आईची लेकरं वाटतात. तिसऱ्या अक्षरालाच भांडण लागलं. शेवटी काकाजींनी व्यवस्था लावून दिली: ए आलापल्लीचा, बी बल्लारशाहचा, सी चंद्रपूरचा, डी डेपोचा, ई ईव्हीएमचा, एफ फॉरेस्टचा. मग गाडी रुळावर आली.

"चार, चार, डेपो, आठ!"

"डेपो, आठ, बरोबर!"

"फॉरेस्ट, शून्य, आलापल्ली, सात!"

आवाज चढत गेला. जुळणी ऐन रंगात आली असताना स्वयंपाकघरातून काकू लाटणं घेऊन धावत आल्या. "ओटीपी सांगू नका म्हनलं ना कोनाले! रोज फोनवर ती बाई बोंबलून राह्यली!" त्यांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि कट केला. त्यांना पटवण्यात पोहे निवले. चाळीस आकड्यांचा ओटीपी नसतो, हे माझं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं. "असाच मोठा असन तर मोठा फसवते," त्या म्हणाल्या. त्या घरात सुरक्षेची खरी जाण असलेली व्यक्ती तीच, हे मला तेव्हाच मान्य करावं लागलं.

फोन परत मिळाला, ठसा पहिल्यापासून जुळवला, किल्ली बसली. पूर्वी एका आज्ञेने किल्ली जुडग्यात टाकता यायची आणि मग ती किल्ली कोणत्याही मालावर चालायची. म्हणजे ब्राउझरवाल्याला आत घेतलं तर तो अख्ख्या डेबियनवरही आपला शिक्का मारू शकायचा. ती पद्धत आता मोडीत काढली आहे. आता किल्ली वेगळ्या फोल्डरात ठेवायची आणि ही किल्ली याच मालासाठी असं लिहून द्यायचं. काकाजींना हे फार आवडलं. "एका रेंजचा हॅमर दुसऱ्या रेंजात चालला तर मंग जंगल उरन का?"

त्यांचा उत्साह पाहून मी त्यांना जीपीजी दाखवायला गेलो. सह्या तपासणारा हा प्रोग्रॅम. त्यात एखाद्या किल्लीवर तुमचा विश्वास किती ते नोंदवता येतं. प्रोग्रॅम विचारतो, हा माणूस दुसऱ्यांच्या किल्ल्या नीट तपासून घेतो याबद्दल तुम्हाला किती खात्री आहे? आणि पर्याय देतो. पूर्ण विश्वास, थोडाफार विश्वास, अजिबात नाही, वगैरे. पण पहिलाच पर्याय असा आहे: माहीत नाही, किंवा सांगणार नाही.

काकाजी खुर्चीतून उठले. "हे कोनी लिहिलं? आपल्याकडचा असन!"

नगरपालिकेच्या निवडणुकीत सर्व्हे करायला आलेल्या पोरांना अख्ख्या वॉर्डाने हेच उत्तर दिलं होतं, असं त्यांचं म्हणणं. हा प्रोग्रॅम वेर्नर कॉख नावाच्या जर्मन माणसाने लिहिला, 1999 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, असं मी सांगितलं. काकाजींचा विश्वास बसला नाही. थोडाफारही नाही.

पुढे लिनक्स बनवणारे लोक एकमेकांच्या किल्ल्यांची खात्री कशी करतात तेही सांगितलं. परिषदेला जमतात, पासपोर्ट काढून दाखवतात, ठसे वाचतात, एकमेकांच्या किल्लीवर सह्या करतात. डेबियनवाल्यांची अशी परिषद 2023 मध्ये आपल्याच देशात, कोचीला भरली होती. "आर्च नावाच्या दुसऱ्या एका लिनक्सात तर तीन मोठ्या किल्ल्यांनी हमी दिल्याशिवाय नव्या माणसाची सही मानत नाहीत."

"तीन जामीनदार," काकाजी म्हणाले. "पतसंस्थेत दोनवर भागते."

मला वाटलं प्रकरण मिटलं. पण मी काकाजींना एक नवा छंद लावून दिला होता. आता ते रोज संध्याकाळी मिलवाल्या भाऊंच्या ओट्यावर बसून कोणाकोणाची मुदत कधी संपते याची चौकशी माझ्याकडे करू लागले. मी सांगत गेलो. 4 मे 2019 ला फायरफॉक्सच्या मधल्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातल्या लोकांच्या ब्राउझरमधली अ‍ॅड-ऑन एकदम बंद पडली. "तारीख पाहायले कोनी नव्हतं?" भाऊंनी विचारलं. "मोठ्या ऑफिसात असंच राह्यते," काकाजींनी परस्पर उत्तर दिलं. मायक्रोसॉफ्टची सिक्युअर बूटची 2011 सालची प्रमाणपत्रं आहेत, ज्यांच्या भरवशावर बरीचशी लिनक्सही सुरू होतात. त्यांची मुदत जून 2026 पासून संपायला लागते. हे ऐकून भाऊंनी खर्ऱ्याची पुडी घासायची थांबवली. "म्हनजे चालू होनार नाही?" चालू होईल, घाबरायचं कारण नाही, फक्त नवीन शिक्का आणून ठेवावा लागेल, असं मी म्हटलं. पुडी पुन्हा सुरू झाली.

त्यांना सर्वांत भावली ती काली लिनक्सची गोष्ट. काली हे सुरक्षा तपासणाऱ्यांचं लिनक्स; दुसऱ्याच्या कुलपांतल्या फटी शोधणाऱ्यांचं. एप्रिल 2025 मध्ये त्यांनी जाहीर केलं की आमच्या भांडाराच्या सहीची किल्ली आता आमच्या हाताशी राहिलेली नाही. चोरी नाही, मुदत नाही. नुसती नाही. त्यांनी नवी किल्ली बनवली आणि जगभरातल्या वापरणाऱ्यांना ती स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी लागली.

बराच वेळ ओट्यावर कोणी बोललं नाही. मग काकाजी म्हणाले, "हॅमरच हरवला?"

"तसंच म्हणा."

"अन् त्यायनं तसं लिहून देलं? सही करून?"

"हो. जाहीर."

"आमच्या डेपोत हॅमर हरवला असता, तर पहिले चौकशी बसली असती, मंग बदली झाली असती, मंग हॅमर सापडला असता. हरवला असं कागदावर कद्धी आलं नसतं." त्यांच्या आवाजात तुच्छता होती की असूया, ते मला ठरवता आलं नाही.

नाताळच्या सुट्टीत नागपूरहून त्यांचा नातू आला आणि अपडेट पुन्हा अडला. या वेळी एकट्या ब्राउझरवाल्याची किल्ली नव्हती. खुद्द डेबियनचा माल नाकारला जात होता. लाइटबिलाची साइट उघडत नव्हती. बँकेची उघडत नव्हती. जिथे जावं तिथे मुदत संपलेली. मी पोहोचेपर्यंत ओट्यावर निकाल लागला होता. भाऊ म्हणाले, "लिनक्स बंद झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं सकाळी." भाचा फोनवर म्हणाला, "मामा, सर्व्हर हॅक झाला असेल," आणि त्याच्या आवाजात पहिल्यांदाच अभ्यासाविषयी आवड दिसली. काकाजी शांत होते. त्यांनी मला एका बाजूला घेऊन विचारलं, "सगळ्यायचेच हॅमर एकाच दिवशी हरवले का सर?"

मी संदेश वाचला. मी वाचतो, कारण दुसरं कोणी वाचत नाही. त्यात होतं की ही यादी आता चालणार नाही, तिची मुदत संपून सत्तावीसशेच्या वर दिवस झाले. मी सवयीने भागाकार केला. सात वर्षं आणि काही महिने. त्या घरात डेबियन येऊन दोन महिने झाले होते.

पडद्याच्या वरच्या पट्टीत बारीक अक्षरात तारीख होती. मे. साल दाखवत नव्हतं. कॅलेंडर उघडलं तर 2033. ब्राउझरही बिचारा केव्हापासून सांगत होता की तुमच्या संगणकाचं घड्याळ तपासा. त्याच्या त्या वाक्यावर घरातल्या प्रत्येकाने 'ओके' दाबलं होतं.

"घड्याळ कोणी बदललं?"

नातू भिंतीकडे बघायला लागला. त्याच्याकडे शेतीचा एक गेम होता. त्यात गहू पेरला की पिकायला वेळ लागतो, आणि सुट्टी तर आठच दिवसांची. म्हणून त्याने तारीख पुढे नेली. पासवर्ड? त्याने मोराकडे बोट दाखवलं.

"आधी एक दिवस पुढे नेली," तो म्हणाला. "मग वाटलं, ऊसपण लावून टाकू."

मी माउस हातात घेतला. आपोआप वेळ घेण्याची सोय चालू केली की झालं, दोन सेकंदांचं काम. पोरगं रडवेलं झालं. "अंकल, आता मागे नेलं तर गहू परत हिरवा होईल ना! कापून तर घेऊ द्या. अर्धाच झालाय."

मी काकाजींकडे पाहिलं. सरकारी नोकरीत हयात गेलेला, तारीख उलटलेला ट्रक नाक्यावर उभा करणारा माणूस. ते पडद्यावरच्या पिवळ्या शेताकडे बघत होते.

"राहू द्या सर, चार वाजेपर्यंत," ते म्हणाले. "उभं पीक सोडून कोनी उठते का?"

"अन् लाइटबिल?" काकूंनी आतून विचारलं. "आज शेवटची तारीख आहे."

"ते 2025 मध्ये भरतो," काकाजी म्हणाले. "पोराचं होऊ दे पहिले."